शेरा

टेपला आधी खडू फासायचा असतो,
शेवटच्या दोन मीटरला, शाळेतला साधा पांढरा.
मग ती विहिरीत सोडायची.
वर ओढली की जिथवर खडू भिजून काळपटलाय
तिथवर पाणी. वजाबाकी करायची, वहीत मांडायची.
बावीस वर्षं ही एकच वजाबाकी करतोय मी.

सोलापूरचं पोट खडकाचं.
वर मुरूम, खाली काळा पाषाण,
भेगेत घावलं तर पाणी, नाहीतर नुसता धुरळा.
विडी घरकुलात यंदा सातशे फुटांवर गेलेत लोक.
मागच्या आठवड्यात तिथल्या एका बोअरमध्ये टेप सोडली,
सोडत राहिलो, रीळ संपलं.
खडू गेला तसाच वर आला.
पुसलासुद्धा नाही. पुढच्या विहिरीला तोच चालवला.

पुढची म्हणजे साखर पेठेतली, क्रमांक सत्तावीस.
चिलवेरींच्या बंद कारखान्यामागं,
जिथं टॉवेलचं सूत रंगवायचे.
एप्रिलचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि टेप म्हणते, पाणी दोन मीटर दहा सेंटिमीटर वर!

ऑफिसात साहेब खूश.
आलेखातल्या सगळ्या रेघा खाली उतरणाऱ्या,
ही एकटी चढणारी.
पुनर्भरण, म्हणाले. शोषखड्ड्यांचं यश.
हिला हिरवा रंग द्या.

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो.
काठाशी नरसम्मा येमूल
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली.
हात न थांबवता म्हणाली,
"उद्या या की, अजून वर येते.
नळाच्या दिवशी फुगते ती, मधले चार दिवस उतरते.
तुमच्या वहीला माहीत नाही का ओ?"

पोहरा सोडला. ओंजळ नाकाशी नेली.
ब्लीचिंग पावडर.

शंभरावर किलोमीटरवरून पंपांनी ढकलत आणलेलं,
पाकणीला गाळलेलं, टाकीत चढवलेलं उजनीचं पाणी
इथं येऊन निवांत पाझरत होतं
कधीकाळच्या बिडाच्या नळातून.
महापालिकेच्या हिशेबात जी गळती
तेच माझ्या वहीत भूजल.

लिहिलं तर नळ दुरुस्त होणार.
आणि ही गल्ली, तेरा घरं, दोन म्हशी,
मधल्या चार दिवसांत याच विहिरीवर
भांडी घासते, लुगडी पिळते.
नाही लिहिलं तर तिकडं शेळगीच्या टोकाला
तोटीतून तासभर नुसती हवा फुसफुसते,
कळशी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर.
तिथं माझी बहीण राहते. हेही सांगून टाकतो.

नरसम्माला सगळं सांगितलं.
तिनं दोरा गुंडाळला, विडीचं तोंड दुमडलं.
"मग ते आमचंच की," म्हणाली,
"पट्टी भरलेलं. आलं जरा वाकड्या वाटेनं."

शेऱ्याचा रकाना तीन बोटं रुंद.
आजवर त्यात 'कोरडी', 'गाळ', 'झाकण नाही',
एकदा 'मेलेलं मांजर', एवढंच लिहिलंय मी.
त्या दिवशी अक्षर बारीक करावं लागलं :
क्लोरीनचा वास. नळाच्या दिवशी पातळी वाढते.
खाली सही.
हिरवा रंग कुणी पुसला, बघितलं नाही.

मे सरता सरता रस्ता उकरला, तीन दिवस.
बहिणीला फोन केला. म्हणाली,
"हवा जरा कमी फुसफुसते, बाकी बघू."

आज सत्तावीसला टेप सोडली.
कोरडी.
नरसम्मा तिथंच, त्याच दगडावर, सूप मांडीवर.
मला 'या' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही.
तेंदूची पानं भिजवायच्या डब्यात
मधलं बोट उभं बुडवून
कुठवर ओलं होतंय, बघत होती.